खुर्च्यांखालची सतरंजी

आमच्या चर्चच्या पाटीवर कुठल्याच पंथाचं नाव नाही. आपापल्या चर्चमधल्या भांडणांना कंटाळलेली चार घरं एका खोलीत सतरंजी अंथरून प्रार्थनेला बसली, एवढाच आमचा इतिहास. आलेल्याला ‘तुम्ही कुठल्या मंडळीचे?’ असं विचारायचं नाही, हा तेव्हाचाच नेम.

आता सगळ्यांचे गुडघे गेले, खुर्च्या आल्या. तरी त्या चार घरांतली शेवटची उरलेली मार्थामावशी दर रविवारी आधी सतरंजी अंथरते आणि मग तिच्यावर डुगडुगत्या खुर्च्या मांडते. मी मदत करते, कुरकुरतेही.

आज उपासनेनंतर खुर्च्या उचलून माझी पाठ भरून आली होती. सतरंजीचं टोक धरत मी म्हणाले, “मावशी, पुरे आता हिचं ओझं. खाली बसतं कोण?”

मावशी झिजलेल्या पट्ट्यांकडे बघत राहिली. तिथे गुडघे टेकलेली कितीतरी माणसं आता मातीआड गेली आहेत. मग माझा हात धरून ती हळूहळू खाली टेकली.

“आमेन म्हटलं की उठव गं मला. एकटीला नाही जमायचं.”

आमेन लवकर येईना. उभी राहून थकले, तशी मीही तिच्या शेजारी गुडघे टेकले. आता आम्हां दोघींना कोण उठवणार, देव जाणे.