‘हात आत आहे’

यंत्र खोटं बोलत नाही, असं तुम्हीही मानता का?

तारा जोडणाऱ्या सोल्डरच्या धुराचा वास आला की सुप्याच्या कारखान्यातली ती सकाळ आठवते. तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे प्रोग्राम बसवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याच प्रेसखाली कामगार मंदाताईंची दोन बोटं गेली होती.

“नोंदीत हात आत नव्हता. मशीन खोटं बोलत नाही, बाई,” मॅनेजर म्हणाले.

“मग मी बोलते व्हय?” पट्टी बांधलेला हात मंदाताईंनी पुढे केला.

प्रेसच्या दोन प्रोसेसरांची मेमरी सामायिक होती. एका प्रोग्रामची ‘हात आत आहे’ ही खूण जिथे राही, मेमरीतल्या त्याच पत्त्यावर दुसरा नगांची मोजणी लिहीत होता; खूण पुसली गेली आणि हात आत असतानाच प्रेस खाली आला. दोन्ही प्रोग्राम मीच लिंक केले होते, म्हणजे मेमरीत त्यांच्या जागा ठरवून दिल्या होत्या, पण पत्ते एकमेकांशी ताडून न पाहता. हे कळूनही ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ म्हणणाऱ्या अहवालावर मी सही केली. तेव्हा ते शहाणपण वाटलं. आज शिसारी येते.

तुम्हीही असे प्रोग्राम जोडत असाल, तर सही करण्याआधी दोन्हींचे पत्ते शेजारी ठेवून पाहा. आणि जिची बोटं गेली, तिचं आधी ऐका.