मधली तीन टेबलं

नळजोडणीच्या कार्यालयात नवी विभागप्रमुख आली, तेव्हा अर्ज पाच टेबलांवरून फिरायचा आणि फिरता फिरता पार म्हातारा व्हायचा. बाई फटकळ. पहिल्याच आठवड्यात तिनं एकेका टेबलापाशी खुर्ची ओढून विचारलं, की तुम्ही नेमकं करता काय? दुसरा पहिल्याचा शिक्का बघायचा. तिसरा दुसऱ्याची सही बघायचा. चौथा डोकं खाजवत म्हणाला, "माझ्या आधीचे सही करायचे, म्हणून मी करतो."

बाईनं मधली तिन्ही टेबलं व्हरांड्यात काढली आणि त्या तिघांना जागांच्या पाहणीला उन्हात पिटाळलं. चौथा तर खुललाच. जन्मभर नळ मंजूर केले, पण नळातून पाणी येताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. लोकांची कामं महिन्यांऐवजी आठवड्यात होऊ लागली. रांग ओसरली.

रिकामं आवार बघून संचालक धास्तावले. त्यांनी बाईला दालनात बोलावून चहा पाजला. "तुंबलेलं काम दाखवलं नाही, तर पुढच्या वर्षी मला माणसं कोण देणार?"

"साहेब, आपण नळ देतो की नोकऱ्या?"

साहेबांनी उत्तरादाखल बढती दिली. 'सुधारणा कक्ष' अशी पाटी, गुबगुबीत खुर्ची आणि हाताखाली चिटपाखरू नाही. बाईची पाठ वळते न वळते तोच टेबलं आत आली. वर आणखी एक वाढलं, सुधारणा नीट पाळली जाते का ते तपासायला. त्यावर साहेबांचा भाचेजावई बसला.

घरी नवरा म्हणाला, आता गप पंख्याखाली बस. बाई काही दिवस बसली. मग बढती नाकारून तिनं नवशिक्यांना देतात ती बाहेरची खिडकी मागून घेतली. साहेबांना वाटलं, खोड जिरली.

बाई मात्र खिडकीवर येईल त्याला सांगू लागली, "नियमात दोनच सह्या आहेत, पहिली आणि शेवटची. मधली कुणी मागितली, तर नियम दाखवा म्हणायचं." लोक आत जाऊन तसंच विचारू लागले. नसलेला नियम सापडणार कुठून? चारचौघांत रोज तोंडघशी पडण्यापेक्षा मधली मंडळी अर्जाला हात न लावता तो पुढे सरकवू लागली.

पुढे या सुधारणेबद्दल संचालकांचा जाहीर सत्कार झाला. बाईला बोलावणं नव्हतं. सासूनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या."