तिरका रणगाडा

आज माळा साफ करताना स्पंज झडलेला जुना हेडफोन सापडला आणि त्या जुम्म्याच्या दुपारी आठवल्या. अंगणात सुकट वाळत असायची, घरभर तिचा वास, आणि मी मोबाइलवर रणगाडा चालवत बसायची. मला हौस कसली? नवरा दुबईला, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो या खेळातच असायचा, बोलणं व्हावं म्हणून मीही शिकले. "समोर तोंड करून उभी राहू नको गं," तो कानात सांगायचा, "जरा तिरकी हो. गोळा पत्र्यावरनं घसरतो, आत शिरत न्हाय." एकदा माझा रणगाडा त्याच्या शेजारी लावून मी सरळ विचारलं, "यंदा ईदला येणार ना?" तो म्हणाला, "सुकट वाळली काय?" मी पुन्हा विचारलं. "डावीकडं बघ, दुश्मन हाय!" मी बघितलंच नाही, आणि माझा रणगाडा पेटला. तो हसला, "तरी बोललो होतो, तिरकी हो." त्या ईदला तो आला नाही, पुढच्याही नाही. आता कायमचा परतलाय. काल ओट्यावर बसून हळूच म्हणाला, "मी आलो, तुला बरं वाटलं ना?" मी म्हटलं, "चहा ठेवू?"