शेखभाऊंचं ‘ओव्हरलुक’

“येस सर, आय ओव्हरलुक्ड द जॉइंट. पर्सनली,” हुसेन शेख म्हणाले आणि माझी पेन्सिल थांबली.

वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी चालू होती. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा मोजकेच कारखाने होते. त्यातल्या रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टेनो होतो. समोरचा बोलेल ते शॉर्टहँडमध्ये, म्हणजे खुणांच्या लिपीत, भराभर उतरवायचं आणि मग टाइप करायचं. स्टेनोला मत नसतं.

आदल्या दिवशी वाफेच्या नव्या पाइपलाइनची ट्रायल झाली होती. दोन पाइप जिथे जोडतात तिथे फट राहू नये म्हणून मध्ये एक पातळ चकती घालतात आणि बोल्ट आवळतात. त्या चकतीला गॅस्केट म्हणतात. ट्रायलमध्ये ते गॅस्केटच फाटलं. उसळलेल्या वाफेने कोंडिबा नावाच्या फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. शेख त्या फिटरांचे चार्जहँड, म्हणजे मुकादम. बोल्ट आवळताना ते हजर होते का, एवढंच मॅनेजरना ठरवायचं होतं. नसतील तर नोकरी जाणार होती.

मॅनेजर मुंबईचे पारशी गृहस्थ. कडक, पण दुष्ट नव्हते. सुरुवातीलाच त्यांनी, हिंदी-मराठीत बोललास तरी चालेल, असं सांगितलं होतं. तरी शेखनी इंग्रजी सोडलं नाही. कारण मला माहीत होतं. सुपरवायझरची एक जागा रिकामी होती आणि सुपरवायझरला इंग्रजी आलंच पाहिजे, असं याच मॅनेजरनी मागे बजावलं होतं.

शेख नगरकडचे. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेले. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये माझ्याजवळ येऊन बसायचे. इंग्रजी पेपरातला एखादा शब्द विचारायचे. ‘स्क्रूटिनाइज’, ‘अननेसेसरी’, ‘कॉन्सिक्वेन्स’. दिवसभर कामगारांवर तो शब्द वापरून बघायचे. मी वयाने लहान, तरी मला मास्तर म्हणायचे.

ओव्हरलुक मात्र त्यांनी मला कधी विचारला नव्हता. ओव्हर म्हणजे वर, लुक म्हणजे बघणं. वर उभं राहून बघणं म्हणजे देखरेख, असा त्यांनी हिशेब केला होता. इंग्रजीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा उलटा होतो. नजरेतून निसटणं, दुर्लक्ष करणं.

मॅनेजर पुढे झुकले. “यू ओव्हरलुक्ड इट? आर यू शुअर?”

“शुअर सर. आय ऑलवेज ओव्हरलुक,” शेख ताठ बसून म्हणाले.

मॅनेजरनी चष्मा काढला. “कुलकर्णी, टाइप करून आणा. याची सही घ्या. संपलं.”

शेखना वाटलं, आपण चांगलं बोललो. ते माझ्याकडे बघून किंचित हसले. मी अजून प्रोबेशनवर होतो. न सांगता काढून टाकलं असतं तरी कुणाला जाब विचारता आला नसता. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

“सर, यांना वेगळं म्हणायचंय.”

“तुम्ही लिहायला आलात की वकिली करायला?”

“लिहायलाच, सर. पण जे लिहिलंय ते त्यांनी सांगितलेलं नाही. एकदा मराठीत विचारा.”

मॅनेजरनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांच्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, “शेख, बोल्ट टाइट करताना तू किधर होता?”

शेखचा चेहरा उतरला. इंग्रजी काढून घेतलं, एवढंच त्यांना कळलं. “तिथंच होतो साहेब,” ते हळू म्हणाले. “शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत हललो नाही. प्रत्येकाला पाना लावून बघितला.”

मॅनेजर उठले आणि थेट दवाखान्याच्या खोलीत गेले. मी मागोमाग. कोंडिबा जवळच्या ताथवडे गावचा. हाताला बँडेज, खाटेवर बसलेला.

“शेख तिथे होता?”

“व्हय की. शेखभाऊ माझ्या डोक्याशीच हुबं व्हतं. मी म्हनलं, आता बास, तर म्हनं न्हाई, आनखी येक पीळ दे.”

दुपारी जॉइंट उघडला. बोल्ट पक्के होते. गॅस्केट साध्या रबराचं निघालं. ते वाफेच्या उष्णतेला टिकत नाही. स्टोअरमधून चुकीचा माल आला होता. चौकशी स्टोअरकडे वळली. शेखवरचा ठपका गेला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी त्यांना ओव्हरलुकचा अर्थ सांगितला. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“म्हणजे मी साहेबाला सांगत होतो की मी लक्ष दिलं नाही?”

“हो.”

“आणि नेहमीच देत नाही?”

“तेही.”

ते हसले नाहीत. “मास्तर, ओव्हर मला येतो. लुक येतो. मग मी विचारायचं तरी काय?”



सुपरवायझरची ती जागा त्यांना मिळाली नाही. मुंबईहून आलेल्या एकाला दिली. पुढच्या वेळी मिळाली. मी प्रोबेशनमधून सुटलो, पण माझं काम वाढलं. त्यानंतर मॅनेजर प्रत्येक चौकशी माणसाच्या भाषेत घेऊ लागले आणि तिचं इंग्रजी मी करून द्यायचं, असं ठरलं.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना इंग्रजी शब्द सांगत आलो. अवघड शब्दाने कुणी अडचणीत आलेलं पाहिलं नाही. तो शब्द माणूस विचारून घेतो.