पोत्यातले पंच

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पंच झाले. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या देवळातली पितळी घंटा चोरीला गेली आणि चारच दिवसांत एका माणसाच्या खोलीत सापडली. ती पोलिसांनी जप्त केली तेव्हा साक्षीला दोन माणसं हवी होती. एक मी, दुसरा आमचा इस्त्रीवाला. पंचनाम्यावर आम्ही सह्या केल्या.

दीड वर्षाने कोर्टाचं समन्स आलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून मी खरं सांगायची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे धरला.

"यावरची सही तुमचीच?"

"हो."

"मजकूर बरोबर आहे?"

मी चष्मा लावून सगळा वाचला. त्यांना घाई होती, मला नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

आरोपीने पहिल्यांदाच मान वर केली. त्याचे वकील खुर्चीत सरसावून बसले. सरकारी वकील न्यायाधीशबाईंकडे वळले. "साक्षीदार फितूर झाला आहे. उलटतपासणीची परवानगी असावी."

आजवर फितूर म्हटलं की शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे यायचा. शब्द जरा जड वाटला. तरी राहवेना.

"झाली आहे," मी म्हणाले. "मी बाई आहे."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "आपलं नेमकं म्हणणं काय आहे?"

मी ती ओळ मोठ्याने वाचली. "'सदरची घंटा दोन्ही पंचांसह पोत्यात घालून पोते सीलबंद केले.' घंटा पोत्यात घातली, ते मी पाहिलं. मला घातलं नव्हतं. इस्त्रीवाल्यालाही नाही."

न्यायाधीशबाईंनी हसू दाबायला फाइल तोंडापुढे धरली. आरोपीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

सरकारी वकिलांनी आपला अर्ज गुपचूप मागे घेतला. मग आरोपीचे वकील उठले. "म्हणजे आपण न वाचताच सही केलीत?"

"वाचून केली. चूक दाखवली, तर हवालदार म्हणाले, 'बाई, काय ते कोर्टात सांगा.' म्हणून सांगितलं."

ते खाली बसले. पुढे आरोपीला शिक्षा झाली आणि घंटा देवळात परत आली.

त्या दिवशी मात्र बाहेर व्हरांड्यात तेच हवालदार माझी वाट पाहत उभे होते. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"रजेचा अर्ज आहे, बाई. जरा नजर टाकता का?"

बाकावर बसून मी तीन वेलांट्या बदलल्या आणि पाचही ठिकाणचा 'सदर' खोडला. कागद पाहून ते कासावीस झाले.

"एक तरी राहू द्या," ते म्हणाले. "नाहीतर साहेबांना तो अर्ज वाटायचा नाही."

मी एक ठेवला.