गुर्देमास्तर आणि चार मासे

गुर्देमास्तरांइतका आत्मविश्वास आमच्या शाळेत कुणापाशी नव्हता, आणि त्यांच्याइतकं अज्ञानही. निजामी अमलातली नांदेडची उर्दू शाळा. ते सायन्स शिकवत, मी नवखा, गणित. कुणाला घाम फुटो की कुणाचा पारा चढो, त्यांचं निदान ठरलेलं : "सब गुर्दे का खेल है." पोरं पाठीमागे गुर्देमास्तर म्हणत आणि हा गृहस्थ त्याला किताब समजे.

बकऱ्याचा एक गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत ठेवला होता. धडा आला की बाटली हलवायची नि म्हणायचं, "जादा पाणी, जादा मीठ हा बाहेर फेकतो. बस्स." कधी फेकतो, कधी राखतो, असं विचारणाऱ्याच्या कानाखाली बसे. मला मात्र आग्रहानं पान देत. त्यातही कात जास्त असे.

एकदा हैदराबादेहून साहेब तपासणीला येणार होते. समुद्रातले मासे खारं पाणी पितात, एवढं मास्तरांनी कुठंतरी वाचलेलं. समुद्र जन्मात पाहिला नव्हता. तरी गोदावरीतले मासे खाऱ्या पाण्यात जगवून साहेबांना गुर्द्याची करामत दाखवायचं त्यांनी ठरवलं. शाळेचा शिपाई मल्हारी जातीनं भोई. त्यानं घाटावरून चार जिवंत मरळ मासे आणले.

मास्तर काचेच्या टाकीत मुठीमुठीनं मीठ टाकू लागले, तसा मल्हारी म्हणाला, "मास्तर, ही गोड्या पाण्याची जात हाय. मासा सुकवायला आमी मीठच लावताव. अंगातलं समदं पाणी ओढून घेतंय ते."

"किताब वाचलीस का तू?"

"न्हाई जी."

"मग गप बस."

मी तिथंच उभा होतो. पान चघळत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चारही मासे पोट वर करून तरंगत होते. मास्तर क्षणभरही अडखळले नाहीत. "या बेवकूफानं न विचारता मीठ ओतलं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." मल्हारीची नोकरी त्याच दिवशी गेली. घरात पाच खाणारी तोंडं होती. मास्तर मात्र वर्षभरात बढतीवर गेले. असल्या माणसांचं कधी काही अडत नाही.

सायन्सचा तास माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मी नीट वाचलं. नदीतल्या माशाच्या अंगात पाणी आपणहून शिरत राहतं, म्हणून त्याचा गुर्दा सतत पाणी बाहेर टाकतो आणि मीठ जपतो. समुद्रातल्या माशाचं उलट. तो पाणी जपतो आणि जादा मीठ टाकतो, तेही बरंचसं कल्ल्यांतून. म्हणजे ज्या गुर्द्यावर मास्तर जन्मभर पोट भरत आले, तोही त्यांना कळला नव्हता. मल्हारीला कळलं होतं ते सुकटीवरून.

निजामी गेल्यावर एकदा मल्हारी घाटावर भेटला. माशांना मीठ चोळत होता. मी मास्तरांना शिव्या घालू लागलो. नालायक, खोटारडा, जे तोंडाला येईल ते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्येंचं सोडा जी," तो म्हणाला. "तुमी तवा बगितलं व्हतं नव्हं?"

"हो."

"मंग झालं," म्हणाला आणि पुढचा मासा हातात घेतला.