बर्फातला कामगार

आखातातल्या अहमदीच्या तेल कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यांनी आखलेल्या पाइपलाइनी ट्रेसिंग कापडावर शाईने गिरवणारा माणूस. मनातून मात्र मी स्वतःला व्यंगचित्रकार समजत असे. याला पुरावा काहीच नव्हता. मुंबईच्या एका मासिकाने माझी चित्रं साभार परत केली होती, आणि त्यातल्या ‘साभार’वरच मी खूश होतो.

तिथल्या बनेद अल-गार वस्तीच्या बाजूला राहणारं एक इंग्रज कुटुंब बिऱ्हाड आवरून मायदेशी निघालं, तेव्हा त्यांनी जुनं सामान विकायला काढलं. मी इस्त्री आणायला म्हणून गेलो आणि एक जाडजूड पुस्तक उचलून आणलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कुठल्याशा विलायती विनोदी साप्ताहिकाचे अंक त्यात एकत्र बांधलेले होते. इस्त्री राहिलीच. पुढचे कित्येक महिने मी चुरगळलेल्या शर्टात कलेची उपासना केली.

पुस्तकात गिरण्या, कोळशाच्या खाणी, संप आणि उपाशी कामगार पानोपानी होते. पोटाचा नगारा झालेला मालक, दारात टोपी हातात धरून उभा असलेला मजूर, त्याच्यामागे फाटक्या शालीतली बायको. बघता बघता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मजूर गप्प बसून उपाशी मरत असला, की चित्रकार त्याचं नाक सरळ, रेखीव काढी. तोच मजूर पुढच्या पानावर संपावर गेला, की त्याचं नाक बटाट्याएवढं होई आणि हातात दारूचा मग येई. या शोधाचं मला फार कौतुक वाटलं. आम्हा देशी नोकरांच्या मेसमध्ये मी त्यावर व्याख्यानं देत असे आणि लोक आमटी संपवून निघून जात.

मेसचं स्वयंपाकघर पत्र्याचं होतं. उन्हाळ्यात आत स्टोव्ह भडकलेले आणि बाहेर वाळवंट. रत्नागिरीकडचे एक मुसलमान आचारी तिथले मुख्य, वयाने आमच्या वडिलांएवढे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्या वर्षी उन्हाळा सुरू होतानाच ते स्टोव्हसमोर चक्कर येऊन पडले. हात भाजला. धूर आणि वाफ बाहेर फेकणारा एक पंखा भिंतीत बसवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये तसे पंखे होतेच. आमचा कॅम्प सुपरिंटेंडेंट इंग्रज होता. तो दर वेळी बघू म्हणे. पुढच्या खेपेला चाचा पडले तर उठतील का, या विचाराने मला खरोखर भीती वाटायची.

संप हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. संप करणाऱ्याला सरळ मुंबईच्या बोटीत बसवून देत. म्हणून एके सकाळी चाचा आणि त्यांचे दोन्ही हाताखालचे आचारी एकदमच आजारी पडले. आम्ही पाव आणि डब्यातले मासे खाऊ लागलो. आपली कला रणांगणात उतरायची वेळ हीच, असं मी ठरवून टाकलं.

त्या पुस्तकातलं सगळ्यात करुण चित्र मी निवडलं आणि कचेरीतल्या सवयीने ट्रेसिंग कापड लावून गिरवलं. आमच्या धंद्यात मूळ नकाशातली एक रेघही बदलायची नसते. मीही बदलली नाही. थंड पडलेली शेगडी, कोळशाची रिकामी बादली, काकडून एकमेकांना बिलगलेली मुलं आणि खिडकीबाहेर भुरभुरणारा बर्फ, सगळं जसंच्या तसं उतरवलं. खाली इंग्रजीत लिहिलं, ‘कामगारांचे हाल’. सुपरिंटेंडेंटच्या दारासमोरच्या फलकावर लावण्याआधी ते मी मोठ्या ऐटीत चाचांना दाखवलं.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग कपाळावरचा घाम पुसत विचारलं, या माणसाला त्रास तरी कसला आहे? बर्फ दारात पडतोय, शेगडी बंद आहे. उरलेले दोघे आचारी तर चित्रातल्या त्या खिडकीकडे असे बघत राहिले, की मला चित्र ओढून घ्यावं लागलं. तरीही मी ते लावलंच. कलावंताला लोक उशिरा समजतात, असं मी तेव्हा मानत असे.

दुपारी साहेबाचं बोलावणं आलं. आता आपल्याला बोटीत बसवणार, हे मी धरून चाललो होतो. त्या खोलीपर्यंत जाताना, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटत होता. पण साहेबाच्या टेबलावर माझं चित्र होतं आणि साहेबाचे डोळे पाणावले होते. त्याचे आजोबा कोळशाच्या खाणीत होते म्हणे. त्या काळी लोकांनी काय काय सोसलं, असं तो बराच वेळ सांगत राहिला. माझ्या रेषेची त्याने तारीफ केली. त्याच्या मागच्या खिडकीतून आमच्या स्वयंपाकघराचा पत्रा लखलखताना दिसत होता. मी धीर करून पंख्याचं नाव काढलं. बघू, तो म्हणाला, आणि चित्र फ्रेम करायला ठेवून घेतलं.

परत येऊन मी चाचांना सगळं सांगितलं. साहेबाला चित्रातल्या लोकांबद्दल फार वाईट वाटलं, हेही सांगितलं.

चाचा म्हणाले, “वाटंल ना. आमाला मरून शंभर वर्षां झाली, की आमच्यासाठी पण वाटंल.”

मी खोलीवर जाऊन ते जाडजूड पुस्तक मिटून ठेवलं.

चाचांनी मात्र कामाला सुरुवात केली. साहेबांच्या बंगल्यांवरचे बहुतेक खानसामे रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरचेच होते, आणि त्या किनाऱ्यावर कोणाची ना कोणाची सोयरीक निघतेच. सुपरिंटेंडेंटचा खानसामा तर चाचांचा जावई. संध्याकाळपर्यंत आजारपणाची ती साथ बंगल्यांवर पसरली. त्या दिवशी साहेबाच्या बायकोने स्वतः डबा फोडला आणि बोट कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी बंगल्यावर पाहुणे जेवायला यायचे होते.

सकाळीच फिटर पंखा घेऊन मेसच्या दारात हजर. पण नकाशा असल्याशिवाय कंपनीच्या भिंतीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. मला बोलावणं आलं. स्वयंपाकघरात उभं राहून मी माप घेतलं. स्टोव्ह बंद होते, तरी तेवढ्यातच माझा शर्ट चिंब झाला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. चाचा वर्षानुवर्षं कुठे उभे होते, ते मला तेव्हा कळलं. बाहेर सावलीत बसून मी काढलं ते असं, एक पत्र्याची भिंत, आणि तिच्यात एक चौकोनी भोक.

मी फिटरच्या हाती देण्यापूर्वी चाचांनी तो कागद मागून घेतला आणि भाजलेल्या हाताने जपून धरला.

“हा चित्र बरा हाय, भाऊ,” ते म्हणाले. “ह्याच्यातना वारा येईल.”